अकरा टक्के आई

हर्षाली सणगरची पोर बोरजाईच्या जत्रेत हरवली, तेव्हा निळ्या तंबूतल्या यंत्रानं तिला पहिला प्रश्न विचारला, "आपणांस दुःख झाले आहे काय?"

"झालंय," हर्षाली म्हणाली. "आधी मुलीचं वर्णन घ्या. रेवा धनराज सणगर, वय आठ. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, उजव्या वेणीची रिबीन सुटलेली. डावा गुडघा खरचटलेला. शेवटची दिसली दुपारी अडीचला, मोठ्या पाळण्याच्या मागं, रसाच्या गाड्याजवळ."

एका दमात, एका सुरात. कुठं अडखळली नाही, आवंढा गिळला नाही. यंत्रावरचा हिरवा दिवा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबडा झाला, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा द्याव्यात तशा गोड आवाजात यंत्र म्हणालं, "पूर्वतयारी केलेले निवेदन आढळले. वात्सल्य अकरा टक्के. धन्यवाद."

तंबूबाहेर यंत्राचा एक कर्णा लावला होता. कारभार पारदर्शक असावा म्हणून. त्यामुळे हे अकरा टक्के रसवाल्यापासून फुगेवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकले.

हर्षालीच्या नवऱ्याला त्र्याण्णव पडले होते. धनराज एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, पण वर्षातून दोनदा गावच्या नाटकात राजा व्हायचा. रेवाचा हात त्याच्याच हातात होता. कुणीतरी "राजे, एक फोटो!" म्हणालं आणि राजांनी मिशीला पीळ द्यायला हात सोडला. आता तो रडत होता. रडणं शंभर टक्के खरं होतं, पण बारा वर्षांच्या सवयीनं ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होतं.

"अकरा?" तो हुंदक्यातनं म्हणाला. "अगं, काय केलंस हे?"

"मी काय केलं? वर्णन सांगितलं."

"रडायचं होतं गं आधी!"

आता हे यंत्र म्हणजे काय प्रकार, ते सांगायला हवं. त्याचं सरकारी नाव 'पालक-वात्सल्य-सत्यतामापक'. एवढं म्हणेपर्यंत पोर दुसऱ्या तालुक्यात पोचेल, म्हणून लोक त्याला मायामीटर म्हणायचे. झालं होतं असं, की मधल्या काळात काही दिवट्यांनी प्रसिद्धीसाठी स्वतःचीच पोरं मामाकडं लपवून हरवल्याची बोंब ठोकली होती. आणि ज्यांची खरोखर हरवायची, त्यांचा निवाडा अख्खं राज्य मोबाईलवर करायचं. आई रडली का? केस विंचरलेले कसे? बापानं त्या दिवशी चहा कसा घेतला? शेवटी सरकारनं विचार केला, लोक निवाडा करणारच आहेत, तर तो निदान शास्त्रशुद्ध व्हावा.

शास्त्रही तसं बिनबुडाचं नव्हतं. माणूस आतनं हादरला की गळ्यातले बारीक स्नायू सेकंदाला आठ-दहा वेळा थरथरतात. कानाला कळत नाही, पण यंत्राला कळतं. नाकाच्या शेंड्यातलं रक्त आत ओढलं जातं आणि शेंडा अर्धा अंश गार पडतो. डोळ्याला दिसत नाही, उष्णता बघणाऱ्या कॅमेऱ्याला दिसतं. श्वास तुटतो, बाहुल्या मोठ्या होतात. यंत्र हे सगळं एका दमात टिपायचं, आधी शिकवलेल्या चाळीस हजार आईबापांशी ताडून बघायचं आणि आकडा द्यायचं.

त्या आकड्यावर घारी सुटायच्या. घारी म्हणजे शोध घेणारे ड्रोन. तंबूमागं चोवीस घारी पंख मिटून बसल्या होत्या. सत्तरच्या वर गुण पडले तर चोवीसच्या चोवीस. चाळीस ते सत्तरला सहा. चाळीसच्या खाली एकही नाही. उलट पालकालाच तंबूत बसवून ठेवायचं. आणि आईबापांत ज्याचे गुण कमी, तेच धरायचे.

म्हणजे पोर हरवलेली, घारी तयार, आणि मधे आडवे हर्षालीचे अकरा टक्के.

"साहेब, पट्टा तर होता ना पोरीच्या हातात?" महिला हवालदार शकीला मुलाणींनी विचारलं. हर्षालीवर नजर ठेवायचं काम त्यांच्याकडं होतं.

योजनेचे अधिकारी दिवाण साहेब कपाळ पुसत म्हणाले, "पट्टा सापडला."

पट्टा सापडला होता खरा. आजकाल प्रत्येक पोराच्या मनगटात ठावठिकाणा सांगणारा पट्टा असतो, तसा रेवाच्याही होता. पोलिसांनी त्याचा माग काढला तर तो एका करडाच्या गळ्यात निघाला. शेळीचं इवलंसं करडू गर्दीत हरवू नये, म्हणून आमच्या बाईसाहेबांनी आपला पट्टा काढून त्याला बांधला होता! पोलिसांनी कायद्याप्रमाणे पंचनामा केला आणि मुद्देमाल म्हणून पट्टा करडासकट जीपमध्ये ठेवला.

हर्षालीनं घड्याळ बघितलं. पावणेपाच. साडेपाचला पालखी उठणार. तोवर जत्रेचे चारी रस्ते बंद होते. पोर होती ती इथंच कुठंतरी, पत्रावळीएवढ्या माळावर. पण पालखी उठली की नाकी उघडणार आणि चुरमुऱ्यांचे, भांड्यांचे, खेळण्यांचे तीनशे टेम्पो चार जिल्ह्यांना पांगणार. त्यातल्या एखाद्यात रेवा चढून बसली असली, तर?

हा विचार हर्षालीच्या मनात आला. चेहऱ्यावर मात्र तो आला नाही. येणारच नव्हता. चौदा वर्षं ती एसटी स्टँडवर निवेदक होती आणि दर जत्रेत 'हरवले-सापडले' कक्षात तिचीच नेमणूक असायची. तो कक्ष याच तंबूत असायचा. यंदा तो बंद करून तिथं मायामीटर बसवलं होतं. तिला तयार करणारे कदमभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पोरी, माईकवरचा आवाज विहिरीसारखा ठेवायचा. खाली कितीबी खोल असू दे, वरनं पाणी हलता कामा नये. तू हललीस की गर्दी हलती, आणि गर्दी हलली की माणसं तुडवली जातात." चौदा वर्षं तिनं पाणी हलू दिलं नव्हतं. आता हलव म्हणून लगेच कसं हलणार?

"दुसरा प्रयत्न करता येतो," दिवाण साहेब म्हणाले. "नियमात तीन आहेत."

हे ऐकताच अर्ध्या जत्रेनं हर्षालीला रडवण्याची सुपारी घेतली. बाजार समितीचे सभापती तात्या सगळ्यांत पुढं. पांढरे कपडे, गळ्यात भंडाऱ्यानं पिवळा झालेला पंचा. त्यांनी भजीच्या गाड्यावरनं अर्धा कांदा आणवला आणि स्वतःच्या हातानं हर्षालीच्या डोळ्यांखाली चोळला. पाणी तर धो धो आलं. यंत्र म्हणालं, "अश्रू वनस्पतिजन्य. वात्सल्य नऊ टक्के."

"दोन कमी झाले की हो!" धनराज ओरडला.

"वैनी, तुमची पद्धतच चुकतीय," तात्या म्हणाले. "हे बघा. आधी छातीवर हात. मग वर आभाळाकडं बघायचं. मग खाली. मग बोलायचं, पण वाक्य पुरं करायचं नाही. 'काय बोलावं... शब्दच...' असं."

यंत्र टिंग वाजलं. "वात्सल्य अठ्ठ्याण्णव टक्के. आदर्श पालक. आपले अपत्य केव्हापासून बेपत्ता आहे?"

तात्या ब्रह्मचारी होते.

"सतरा वर्षं लोकांच्या दहाव्याला भाषणं करतोय," ते लाजून म्हणाले. "हात बसलाय."

मग हर्षालीच्या सासूबाई पुढं सरसावल्या. हर्षाली त्यांना आत्या म्हणायची. आत्या जुन्या माणूस. त्यांच्या माहेरी रडायचं म्हणजे शब्द घालून, चाल लावून रडायची रीत होती. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि यंत्रापुढं बसकण मारली. "माझ्या सोन्याच्या मैने गंऽऽ, कुठल्या फांदीला बसलीस गंऽऽ, तुझ्या वाटीतला दहीभात वाळला गंऽऽ..."

ऐकणाऱ्या बायांच्या डोळ्यांना धारा लागल्या. फुगेवाला रडला. दिवाण साहेबांनी चष्मा काढला.

"पार्श्वसंगीत आढळले," यंत्र म्हणालं. "कृपया गायन बंद करावे."

"गायन?" आत्यांनी पदर खोचला. "मुडद्या, गाणं म्हणतोस? आमच्या सात पिढ्या अशाच रडल्यात! तुझा बाप मेला तेव्हा तुझी आई टिंग टिंग करत होती का रं?"

त्यांना धनराजनं कसंबसं बाहेर नेलं. परत आला तो हर्षालीपुढं गुडघ्यावर बसला. "हर्षा, पाया पडतो. एकदाच. आपल्या रेवडीसाठी. लग्नातसुद्धा रडली नाहीस, ठीक आहे. माझा हात मशिनीत गेला तेव्हा रिक्षावाल्याला पत्ता सांगत होतीस, तेही ठीक. पण आज... तुला काही वाटतंय का नाही?"

आता मात्र हर्षालीनं त्याच्याकडं बघितलं. तंबूतल्या सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. बारा वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यानं कधी विचारला नव्हता. अकरा टक्क्यांनी विचारला.

"वाटतंय," ती म्हणाली. पाणी हललं नाही.

धनराज उठून बाहेर गेला.

शकीला मुलाणी मात्र तिच्या तोंडाकडं बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या बाकाखाली. हर्षालीनं चप्पल काढली होती आणि उजव्या पायाचा अंगठा तंबूच्या मातीत रुतवून ती तास-दीड तास उकरत बसली होती. तिथं वीतभर खोल खड्डा पडला होता. अंगठ्याचं नख फुटून माती तांबडी झाली होती. यंत्राचा कॅमेरा नाकाच्या शेंड्यावर रोखलेला. पायाचा अंगठा कोण बघतो?

"दिवाण साहेब," शकीलाबाई म्हणाल्या, "हे यंत्र नेमकं काय मोजतं हो?"

"वात्सल्य."

"ते पाटीवर लिहिलंय. मी खरं विचारतेय."

दिवाण साहेब मूळचे भले गृहस्थ. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "त्याचं काय आहे, यंत्राला शिकवायचं तर आधी कुणीतरी सांगायला हवं, हे दुःख खरं आणि हे खोटं. ते कोण सांगणार? म्हणून चाळीस हजार आईबापांचे व्हिडिओ लोकांना दाखवले. लोकांनी मतं दिली. खरी आई, खोटी आई. यंत्र त्या मतांवर शिकलं."

"म्हणजे हे माझी माया मोजत नाही," हर्षाली सावकाश म्हणाली. "बघणाऱ्याला ती किती दिसली, ते मोजतंय."

"हं."

"आणि बघणारे कोण होते?"

"सर्वसामान्य नागरिक." साहेब घुटमळले. "जेवताना वगैरे बघायचे."

हर्षाली काही बोलणार तेवढ्यात तंबूच्या दारात एक शेळी आली. करडाची आई. पोलिसांनी करडू उचलल्यापासून ती जत्राभर फिरत होती. मागं तिचा मालक, त्याच्या मागं पोरांची फौज. शेळी सरळ आत शिरली, यंत्रापुढं उभी राहिली आणि मान वर करून ओरडली. "बें-एं-एं-एं!"

दिवा हिरवागार झाला.

"भाषा अपरिचित," यंत्र म्हणालं. "आर्तता अस्सल. वात्सल्य एक्क्याऐंशी टक्के. वडील अनुपस्थित, नियमानुसार एकल पालक धरण्यात येत आहे. चोवीस घारी रवाना."

"अरे, थांबवा!" दिवाण साहेब बटणांवर तुटून पडले. पण घारी सुटल्या होत्या. आभाळ घरघरलं. चोवीस घारींनी एक फेरी मारली, आणि करडाचा तपास घेत त्या तंबूपासून वीस पावलांवर उभ्या असलेल्या पोलीस जीपवर येऊन घिरट्या घालू लागल्या. "लक्ष्य सापडले," पहिली म्हणाली. "लक्ष्य सापडले," दुसरी म्हणाली. चोवीस वेळा झालं. जीपमध्ये चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरनं दोन्ही हात वर केले.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. बॅटऱ्या संपल्याशिवाय घारी खाली येणार नव्हत्या.

हर्षाली उठली. तिनं चप्पल घातली. "मुलाणी मॅडम, मला बाथरूमला जायचंय."

"चाळीसच्या खालच्या पालकाला सोडता येत नाही," शकीलाबाई म्हणाल्या. "सोबत हवालदार लागतो." त्यांनी टोपी चढवली. "चला, मी येते. कुठल्या बाथरूमला जायचंय?"

"देवळातल्या माईकच्या."

"तिकडंच असणार म्हणून मला वाटलंच."

देवळाच्या ओट्यावर गुरवांचा माईक होता. माळभर खांबांवर जुने कर्णे बांधलेले. त्यांवरनं सकाळपासून देवीला काय काय आलं ते पुकारणं चालू होतं. "सोनवणे परिवाराकडून देवीला खण-नारळ... भेळ संघटनेकडून देवीला मोठी समई..." हर्षालीनं ओटा गाठला, तेव्हा ती घामानं निथळत होती.

"काका, माईक द्या."

"अगं, पालखी उठायची वेळ झाली. तुझ्या पोरीचं मी पुकारलं की दोनदा! 'रेवा बाळा, ये, आई रागावणार नाही' म्हणून सांगितलं."

"तिथंच तर चुकलं, काका," हर्षाली म्हणाली. "'रागावणार नाही' हे ऐकून आजवर एकसुद्धा पोर आलेलं नाही. आई असं म्हणती तेव्हा काय होतं, याचा प्रत्येकाला अनुभव आहे. त्यात हिनं पट्टा काढून दिलाय. वर तिच्या डोळ्यांदेखत पोलिसांनी करडू पकडून नेलं असणार. ती काय म्हणत असेल? पुढचा नंबर माझा. ती हरवली नाही. लपलीय. जेवढं पुकाराल, तेवढी आत सरकेल."

"मग तू काय पुकारणार?"

"मी पुकारणार नाही. मी हरवणार."

ही तिची चौदा वर्षांची युक्ती होती. शेवटच्या पोरासाठी राखून ठेवलेली. गर्दीत सुटलेलं पोर कधीच 'मी हरवलो' म्हणत नाही. विचारा कुणालाही. ते म्हणतं, 'माझी आई हरवली.' त्याच्या मते ते स्वतः जिथल्या तिथं आहे. आईच वेंधळ्यासारखी कुठंतरी गेलीय. मग त्या आईला सोडवून आणायला ते कुठल्याही बिळातनं बाहेर येतं. आजवर तिनं दुसऱ्यांच्या आया हरवल्या होत्या, बिनधास्त.

तिनं माईक हातात घेतला. टकटक केलं. "भाविकांनी लक्ष द्यावं. एक आई हरवलेली आहे."

माळावरचा गलका चमकून थांबला.

"आईचं नाव हर्षाली सणगर, वय सदतीस. अंगात आमसुली साडी. चष्मा कपाळावर. दुपारी अडीचपासून एकटी आहे. तिला कुणी ओळखत नाही. तिला घरचा रस्ता सापडत नाही. ती खूप घा..."

आणि विहिरीचं पाणी हललं. माळावरच्या सगळ्या कर्ण्यांतनं चौदा वर्षांत पहिल्यांदा हर्षाली सणगरचा श्वास तुटल्याचा आवाज आला. वर्कशॉपच्या पोरांना घेऊन टेम्पो तपासत फिरणारा धनराज होता तिथं थबकला. त्या वेळी जवळपास कुठलंही यंत्र नव्हतं.

"...घाबरलेली आहे," तिनं वाक्य पुरं केलं. "ही आई ज्या कुणाची असेल, त्यानं निळ्या तंबूपाशी येऊन तिला घेऊन जावं. ती वाट बघतीय."

पालखीचे भोई खांदा द्यायला वाकले होते, ते तसेच राहिले. गुरवांनी ढोलवाल्याला हातानं थांब म्हटलं. टेम्पोवाल्यांनी इंजिनं सुरू केली होती. एकेकानं बंद केली. अख्ख्या माळावर फक्त जीपवरच्या घारी घरघरत होत्या.

हर्षाली ओट्याच्या कडेवर चढली. डोळे फाडून ती बघत राहिली. डावीकडं काही नाही. पाळण्याजवळ काही नाही. मग माळाच्या दुसऱ्या टोकाला, नाक्यात पहिल्या नंबरला लागलेल्या चुरमुऱ्याच्या टेम्पोची ताडपत्री हलली. तिच्याखालनं एक पाय आला. मग दुसरा. मग पिवळा फ्रॉक.

धावत नव्हती ती. रडतही नव्हती. तालुक्याला कामानिमित्त निघालेल्या माणसासारखी सरळ चालत होती, आणि आडव्या येणाऱ्या मोठ्या माणसांना हातानं बाजूला सारत होती. माळावर एवढी शांतता होती, की तिचं बोलणं ओट्यापर्यंत आलं. "सरका. आई हरवलीय माझी. सरका जरा."

लोक सरकले. आमदाराला मिळत नाही अशी वाट आठ वर्षांच्या रेवाला मिळाली.

हर्षालीनं ओट्यावरनं उडी टाकली. तिला मात्र कुणी वाट देईना, कारण सगळे पाठ करून पोरीकडं बघत होते. "अहो, मी आई! मीच ती हरवलेली!" ती ओरडत होती. पुढं शकीलाबाई शिट्टी फुंकत गर्दी फोडत होत्या. पण रेवाची वाट जवळची. ती आधी पोचली. तंबूत दिवाण साहेब नव्हते. ते बाहेर काठीनं घारी उतरवत होते. यंत्र मात्र कर्तव्यावर होतं.

बाहेरच्या कर्ण्यातनं सगळ्या जत्रेला ऐकू आलं, "नमस्कार. कोण बेपत्ता आहे?"

"आई," रेवा म्हणाली. अगदी शांत, एका सुरात. रक्तच ते.

"बेपत्ता व्यक्तीचे वर्णन सांगा."

"चष्मा कपाळावर असतो आणि घरभर शोधत फिरते. झोपेत 'फलाट क्रमांक चार' म्हणते. भाकरी चांगली करते, चपाती नाही. तिला एकटीला अंधारात भीती वाटते पण ती सांगत नाही. लवकर द्या, तिनं अजून जेवण केलेलं नाही."

"वात्सल्य सात टक्के," यंत्र म्हणालं. "तक्रारदार संशयास्पद. बेपत्ता व्यक्तीशी अखेरचे भांडण केव्हा झाले?"

"सकाळी."

"कारण?"

"वेणी. ती ओढून घालते."

"संशय दृढ. आपण काही लपवत आहात काय?"

रेवा घुटमळली. मग खरं बोलली. "हो. स्वतःला."

हसण्याचा पहिला फुगा रसवाल्याचा फुटला. मग सगळा माळ हसू लागला. भोई हसले, टेम्पोवाले हसले, तात्या छातीवरचा हात काढून पोट धरून हसले. आठ वर्षांच्या पोरीनं आपल्या आईचा काटा काढला, असा सरकारी निवाडा आभाळाखाली जाहीर होत होता, आणि मयत आई आमसुली साडी सावरत तंबूत शिरत होती.

आत जाऊन हर्षालीनं सगळ्यांत आधी काय केलं? जे कुठलीही आई करते तेच. पोरीच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग तिला छातीशी अशी आवळली, की पोरीला श्वास घेता येईना. आणि मग ती रडली. नाक गळत होतं, केस सुटले होते, आवाज तर असा फाटला होता, की कदमभाऊंनी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

"एक हिंसक महिला तंबूत शिरली आहे," यंत्र म्हणालं. "वात्सल्य शून्य टक्के. तक्रारदाराने सुरक्षित अंतर ठे..."

दिवाण साहेबांनी वायर उपटली. स्वतःच्या हातानं. पुढं वरिष्ठांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी लेखी उत्तर दिलं, की यंत्राला विश्रांतीची गरज भासली.

धनराज धापा टाकत आला. चुरमुऱ्यांनी त्याचे केस पांढरे झाले होते. सत्तावीस टेम्पो तपासून झाले होते. तो दोघींजवळ बसला. राजांना त्या दिवशी संवाद सुचला नाही. तो एवढंच म्हणाला, "मी काय विचारलं तुला मगाशी... ते माघारी घेतो."

"घ्या," हर्षाली नाक पुसत म्हणाली. "आणि पोरीचा हात धरा. फोटो कुणी मागितला तर हातासकट काढा."

करडू जीपमधनं सुटलं, आईला भिडलं. घारी एकेक करून जीपच्या टपावर पडल्या. पालखी पाऊण तास उशिरा उठली, पण बोरजाईनं त्याबद्दल कुणाकडं खुलासा मागितला नाही. योजनेचं म्हणाल, तर चौकशी समिती बसली. शेळीला एक्क्याऐंशी आणि आईला अकरा कसे, यावर तिचा अहवाल नव्वद पानी आला. यंत्र भंगारात निघालं, ते तात्यांनी मागून नेलं. दहाव्याच्या भाषणाआधी ते त्यापुढं सराव करतात. निळा तंबू, माईक आणि खुर्ची पुढच्या जत्रेपासून परत हर्षालीची झाली.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी सगळे उठून निघाले, तेव्हा शकीला मुलाणी आडव्या आल्या. त्यांच्या हातात जाडजूड रजिस्टर होतं.

"असं कसं निघालात? हरवलेलं माणूस कुणाच्या ताब्यात दिलं, त्याची नोंद लागते. सही करा."

हर्षालीनं पेनासाठी हात पुढं केला.

"तुमची नाही," शकीलाबाई म्हणाल्या. "हरवलात तुम्ही. ज्यानं शोधलं, त्याची सही."

रेवानं पेन घेतलं. रजिस्टर मांडीवर ठेवलं आणि जीभ दाताखाली धरून, एकेक अक्षर कोरत तिनं लिहिलं: 'एक आई मिळाली. थोडी ओली आहे. रेवा ध. सणगर.' मग तिनं पेन शकीलाबाईंना परत दिलं, आईचं मनगट घट्ट धरलं आणि घराकडं चालायला लागली.